रेबीजची भावकी

"भाड्याचं मागाहून बोलू. आधी सुया घेऊन ये."

बडोद्याच्या अकोटा भागातल्या त्या घराच्या दारात बाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी नुकतीच सांगलीहून बडोद्याला आले होते. वाघोडियाच्या एका औषध कंपनीत तपासणी विभागात नोकरी लागली होती आणि बाईंच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं होतं. मला वाटलं, बाई शिवणकाम करत असतील.

"कसल्या सुया?"

"रेबीजच्या. माझ्या घरात राहणाऱ्या माणसानं लस टोचून घेतलेली असते."

"पण मला कुत्रं चावलेलं नाही."

"चावल्यावर काय, सगळेच धावतात. चावायच्या आधी घेणारा माणूस मला भाडेकरू म्हणून चालतो."

मी दुसरीकडे खोली शोधायला हवी होती. पण बाईंच्या मागे जिन्याची खिडकी उघडी होती आणि तिच्यातून सोसायटीचा कॉमन प्लॉट दिसत होता. प्लॉटच्या मधोमध चिंचेचं एक प्रचंड झाड होतं, आणि त्याच्या फांद्यांवर कोणीतरी शेकडो काळे मोजे वाळत घातल्यासारखं काहीतरी लोंबत होतं. त्यातला एक मोजा हलला, पंख उघडून त्यानं स्वतःला वारा घातला आणि तो पुन्हा मिटला.

"वटवाघळं," बाई म्हणाल्या. "आता कळलं सुया कशाला?"

मी सुया घेतल्या. बाईंनी दवाखान्याचा कागद चष्मा पुसून दोनदा वाचला आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून मी त्यांची "सांगली" झाले. त्या कोणालाच नावानं हाक मारत नसत.

बाई जनावरांच्या डॉक्टर होत्या. सगळी नोकरी एका सरकारी प्रयोगशाळेत गेली, आणि काम एकच: पिसाळल्याचा संशय असलेलं जनावर मेलं की त्याचा मेंदू तपासायचा. मेंदूचा पातळ थर काचेवर पसरायचा, त्यावर औषध घालायचं, आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. हिरवे ठिपके चमकले की समजायचं, रेबीज. बाईंचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. बैठकीच्या भिंतीवर त्यांची एक तलवार आडवी लावलेली होती आणि तिच्यावर बाई धुतलेले नॅपकिन वाळत घालायच्या. "आमच्या घराण्यात सगळ्यांनी मुंडकी उडवली," त्या म्हणायच्या, "मीही तेच केलं. फक्त कुत्र्यांची, आणि मेल्यावर."

निवृत्त झाल्यावर कुत्री सुटली आणि वाघळं आली. रोज संध्याकाळी बाई दुर्बीण घेऊन कॉमन प्लॉटमध्ये जायच्या. भर उन्हाळ्यातही डोक्यावर छत्री असायची, कारण झाडावरून काय पडेल ते सांगता येत नसे. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात दुर्बीण, आणि कोपरापर्यंत चढवलेले जाड चामडी हातमोजे. या थाटात त्या झाडाभोवती फेऱ्या मारायच्या. सोसायटीतली गुजराती मुलं त्यांना "वागोळवाळां बेन", म्हणजे वाघळांवाल्या ताई, म्हणायची. बाईंना ते आवडायचं. "निदान माझं खातं त्यांना नीट माहीत आहे," म्हणायच्या.

बाईंना दोन प्रकारच्या माणसांचा राग होता. एक, वाघळं घाण आहेत, मारून टाका म्हणणारे. कोरोनानंतर यांची संख्या फार वाढली होती. दुसरे, वाघळं बिचारी निष्पाप आहेत, ती कोणाला काही करत नाहीत म्हणणारे. पहिल्यांशी बाई भांडायच्या. दुसऱ्यांशी जास्त भांडायच्या.

"रेबीज एकटा नाही, सांगली," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. आम्ही चहा पीत होतो. "त्याची भावकी मोठी आहे. त्याच्यासारखेच दिसणारे, त्याच्यासारखेच मेंदूत शिरणारे विषाणू. आणि भावकीतले बहुतेक जण वाघळांकडे वस्तीला असतात. एक भाऊ श्रीलंकेत सापडला, तो याच जातीच्या वाघळांत. खाली चिंचेवर लटकतायत ना, तीच जात."

"म्हणजे आपल्या झाडावरही असेल?"

"मला माहीत नाही."

"पण तुमचा अंदाज?"

"मला माहीत नाही, हाच माझा अंदाज. शोधल्याशिवाय आहे म्हणणारा खोटारडा आणि नाही म्हणणारा त्याच्याहून खोटारडा. जवळच्या भावकीला आपली नेहमीची लस पुरते. लांबच्या भावकीचं खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून हात लावायचा नाही. त्यांनी वर राहावं, आपण खाली राहावं. घाबरायचं तर नीट घाबरा. ही सगळी सोसायटी चुकीचं घाबरते."

बाईंच्या घरात एका वाक्याला बंदी होती: "काही होत नाही." मी एकदा ते बोलले. बोट कापलं होतं, एवढंच. बाईंचा चेहरा असा काही झाला की मी ते पुन्हा कधी बोलले नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या वर्गात एक मुलगा होता, त्यांच्याबरोबरच जनावरांचा डॉक्टर झालेला. एका गावात गाय खाईना, लाळ गाळत होती. घशात काही अडकलंय म्हणून यानं उघडा हात आत घातला. बाईंना कळल्यावर त्या म्हणाल्या, सुया घे. तो हसून म्हणाला, काही होत नाही. काही महिन्यांनी बाई त्याला इस्पितळात भेटायला गेल्या. त्याला तहान लागली होती आणि पेला समोर आणला की त्याचा घसा आवळायचा. तो शुद्धीवर होता. त्याला सगळं कळत होतं.

"आम्ही लग्न करणार होतो," बाई म्हणाल्या आणि उठून कपबशा विसळायला गेल्या.

बाईंचा मुख्य शत्रू म्हणजे सोसायटीचे प्रमुख. गृहस्थ तसे वाईट नव्हते. नवरात्रात गरबा उत्तम व्हायचा तो त्यांच्यामुळे. पण त्याच कॉमन प्लॉटवर ते झाड, खाली विष्ठा, वास, सकाळ-संध्याकाळ कलकलाट. त्यात आता रोगाची भीती. झाड काढायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांची आणि बाईंची भांडणं ऐकण्यासारखी असायची. तीस वर्षांचा शेजार होता. बाई मराठीत बोलायच्या, प्रमुख गुजरातीत, आणि दोघांना एकमेकांचा शब्दन् शब्द कळायचा.

मग ती उतराण आली.

बडोद्यात संक्रांतीला कोणी घरात बसत नाही. सगळं शहर गच्चीवर असतं. आमच्या गच्चीवर उंधियो, जिलबी, चिक्की सगळं होतं, आणि बाई एकट्या आभाळाकडे न बघता झाडाकडे बघत होत्या. कारण तिन्हीसांजेला वाघळं उठतात आणि त्या वेळी आभाळ मांज्याने भरलेलं असतं.

दिवस मावळला आणि वाघळं उठली. एक वाघूळ थोडं वर गेलं आणि मध्येच थांबलं, कोणी मागून ओढावं तसं. पंखात मांजा. ते गरगरत खाली आलं आणि आमच्या समोरच्या कुंपणावर पालथं पडलं. पंख फाटला होता. इतका केविलवाणा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

प्रमुखांची मुलगी हेतल खालीच होती. कॉलेजात शिकायची, आणि उतराणीच्या दिवसांत जखमी पक्ष्यांच्या शिबिरात काम करायची. ती धावली.

बाई गच्चीच्या कठड्यावरून अर्ध्या बाहेर वाकल्या आणि ओरडल्या, "हेतल! अडीश नहीं एने! हात लावू नकोस!"

नाव घेऊन बाईंनी हाक मारलेली मी तेवढी एकदाच ऐकली. पण गच्चीगच्चीवर भोंगे वाजत होते. हेतलने ओढणीत वाघूळ उचललं, मांजा सोडवायला लागली, आणि वाघळानं तिच्या अंगठ्यात दात रोवले.

बाईंचे गुडघे दुखायचे. त्या दिवशी त्या जिना कशा उतरल्या मला माहीत नाही. मी खाली पोचेपर्यंत त्यांनी हेतलचा हात बागेच्या नळाखाली धरला होता आणि साबण चोळत होत्या. हेतल म्हणत होती, पुरे, पुरे झालं. बाई ऐकत नव्हत्या. प्रमुख धावत आले. त्यांनी ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला, बोलले आणि फोन खिशात टाकला.

"डॉक्टर कहे छे धनुर्वातनुं इंजेक्शन बस छे. वागोळमां एवुं ना होय. कशुं नहीं थाय, बेन."

कशुं नहीं थाय. काही होत नाही. मी बाईंकडे बघितलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "प्रमुख, झाडावरून माझ्याशी जन्मभर भांडा. आज रिक्षात बसा."

ते बसले. मीही बसले. गच्च्यांवरून उतरलेल्या गर्दीतून रिक्षा सरकारी दवाखान्यात गेली. तिथला तरुण डॉक्टर दमलेला होता, मांज्याने कापलेल्या माणसांची रांग होती. तो म्हणाला, "कुत्रं असतं तर दिलं असतं, माजी."

"तुमच्या पुस्तकात कुत्र्याच्या पुढेही ओळ होती," बाई म्हणाल्या. "वाघूळ चावलं तर लस आणि सिरम, दोन्ही. तुमच्या वरिष्ठांना फोन लावा. मी इथेच उभी आहे. मी खूप वेळ उभी राहू शकते."

फोन झाला. लस मिळाली, जखमेच्या भोवती सिरम टोचलं. हेतल रडली नाही, प्रमुखांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

घरी आलो तेव्हा वाघूळ मेलं होतं. बाईंनी हातमोजे चढवले, ते दुहेरी पिशवीत घातलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं. वनखात्याला कळवलं, आपल्या जुन्या प्रयोगशाळेला कळवलं, सगळं रीतसर. मी डबा धरून उभी होते. मला राहवलं नाही.

"बाई, यात काही निघालं तर झाड गेलंच समजा. तुम्ही स्वतःच त्यांच्या हातात कुऱ्हाड देताय."

"आणि न तपासता ठेवलं तर त्या पोरीला काय सांगू? झाडासाठी तुझ्या चाव्याचा शोध घेतला नाही म्हणून?"

निकाल आला तो नकारार्थी. काही चमकलं नव्हतं. मी आनंदानं पेढे आणले. बाईंनी पेढा खाल्ला, हेतलला मात्र सांगितलं की सुया पुऱ्या करायच्या. आणि मला म्हणाल्या, "नाचू नकोस. हा एका वाघळाचा निकाल आहे. झाडाचा नाही."

पुढच्या रविवारी सकाळी कॉमन प्लॉटवर सोसायटीची मीटिंग भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, झाडापासून लांब. प्रमुखांनी धोकादायक फांद्या छाटायची परवानगी काढून आणली होती. छाटता छाटता झाड किती उरणार हे सगळ्यांना दिसत होतं. पण प्रमुख त्या दिवशी नरमले होते. मुलगी शेजारीच बसली होती, अंगठ्याला पट्टी बांधून.

ते म्हणाले, बेनने माझ्या मुलीसाठी जे केलं ते मी विसरणार नाही. म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. रिपोर्ट चांगला आला आहे. बेन या विषयातल्या जाणकार आहेत. त्यांनी सहीनिशी एक ओळ लिहून द्यावी की या झाडावरच्या वाघळांपासून कोणाला धोका नाही. मी ती फलकावर लावतो. लोकांची भीती जाईल, झाड राहील.

सगळे बाईंकडे वळले. मी मनात म्हटलं, संपलं भांडण. एक ओळ.

"नाही," बाई म्हणाल्या.

"बेन, समजलो नाही."

"लिहून देणार नाही. खोटं आहे ते. धोका आहे. किती आहे ते मला माहीत नाही. फार थोडा असावा. झाडाला हात लावला नाही, खाली पडलेलं उचललं नाही, पोरांना शिकवलं, तर नसल्यासारखाच. पण नाही असं मी लिहिणार नाही."

लोक कुजबुजायला लागले. हेतल उठून बाईंच्या खुर्चीजवळ आली, खाली बसली. "बेन, एक लाइन तो लखी आपो. झाडासाठी. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच लिहीत नाहीये," बाई म्हणाल्या. "फलकावर ती ओळ वाचून उद्या दुसरी कोणी तुझ्यासारखी धावेल. तिला कोण रिक्षात घालणार?"

हात वर झाले. झाडाच्या बाजूनं बाईंचा, हेतलचा आणि एका म्हाताऱ्या काकांचा. काकांना मतदान कशावर आहे ते नीट ऐकू आलं नव्हतं. मला भाडेकरू म्हणून मत नव्हतं. त्या दिवशी मी बाईंवर इतकी चिडले की दुपारी जेवायलाही खाली गेले नाही. एवढा ताठा कशाला? एक ओळ लिहायची होती. मी गॅलरीतून बघितलं तर बाई नेहमीसारख्या छत्री घेऊन झाडाखाली फिरत होत्या. ज्या खोट्यानं झाड वाचणार होतं ते त्यांनी नाकारलं होतं आणि त्यांच्या चालीत काडीचा पश्चात्ताप नव्हता.

करवतवाले आले ते एका सकाळी. पाच-सहा मजूर, दोर, यांत्रिक करवत, आणि मोटरसायकलवर त्यांचा ठेकेदार. मी कंपनीच्या बससाठी निघाले होते, ती बस मी सोडली. बाईंनी खुर्ची आणून झाडाखाली मांडली होती. मला वाटलं आता त्या झाडाला मिठी मारणार, अंगावर करवत चालवा म्हणणार. त्यातलं काही त्यांनी केलं नाही.

त्यांनी मजुरांना जवळ बोलावलं आणि स्वच्छ गुजरातीत विचारलं, "तुम्हाला शेठनं काय सांगितलंय?"

त्यातला एक जण वर बघत म्हणाला, "शेठे तो कीधुं के अवाज थशे एटले बधां उडी जशे."

"काही उडतील. काहींना पिल्लं आहेत, ती उडणार नाहीत. दिवसाउजेडी गोंधळली की तुमच्या डोक्यावर, मानेवर येतील. नखं लागतील. एखादं चावेल. चावलं तर दवाखान्यात जाऊन सुया घ्याव्या लागतील, न घेऊन चालणार नाही. म्हणून आधीच घेतलेल्या बऱ्या. आणि असे हातमोजे लागतील, प्रत्येकाला. तोंड झाकायला जाळी. हे सगळं झालं की चढा वर. मी अडवणार नाही."

मजूर एकमेकांकडे बघायला लागले. ठेकेदार म्हणाला, माजी, उगाच घाबरवू नका माणसांना.

"मी जनावरांची डॉक्टर आहे. जन्मभर याच रोगाचे मेंदू तपासलेत. तुम्ही सांगा यांना की धोका नाही. सांगा. सगळ्यांच्या देखत सांगा. चावलं तर जबाबदारी माझी म्हणा."

ठेकेदार मोटरसायकलकडे वळला. वर बघणारा तो मजूर खाली वाकला, त्यानं दोर गुंडाळायला सुरुवात केली. करवत पोत्यात गेली. तोपर्यंत प्रमुख चपला न घालता धावत आले होते.

"बेन, तमे ज बधाने डरावो छो!" ते ओरडले. "तुम्हीच सगळ्यांना घाबरवता!"

बाई खुर्चीवरून उठल्या. गुडघा धरून, हळूहळू.

"हो, घाबरवते. खरं सांगून घाबरवते. रविवारी मी तुमची ओळ लिहून दिली असती, तर आज यांच्यापुढे काय तोंड घेऊन उभी राहिले असते? माझ्याच सहीचा कागद तुम्ही यांना दाखवला असता आणि ही माणसं उघड्या हातांनी वर चढली असती. तुमच्या मुलीचा हात मी धुतला. यांचा कोण धुणार होतं?"

 ठेकेदारानं मोटरसायकल सुरू केली आणि जाताना सांगून गेला, पहिल्यांदा सगळ्यांना लस टोचा, मग बोलवा. त्यानंतर दुसरे दोन ठेकेदार येऊन झाड बघून गेले. बाई दोघांनाही तेच, त्याच क्रमानं, तितक्याच शांतपणे सांगायला हजर होत्या. पुन्हा कोणी आलं नाही.

झाडाभोवती मग काठ्या रोवून दोरी बांधली गेली. गरबा प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला सरकला. बाई आणि प्रमुख समोरासमोर आले की दुसरीकडे बघायचे. मला वाटलं, हे आता असंच राहणार.

पाऊस संपतासंपता एका सकाळी बाईंची बेल वाजली. मी खालीच होते. दारात प्रमुख, हातात बुटांचा खोका, खोक्याला सगळीकडून चिकटपट्टी. वर दोन भोकं पाडलेली. स्वयंपाकघरातले पकडीचे चिमटे खिशातून बाहेर डोकावत होते. त्यांनी खोका ओट्यावर ठेवला आणि चार पावलं मागे सरकले.

"नातवाच्या, थोरल्याच्या पोराच्या खोलीत होतं," ते म्हणाले. "छोटं. पाकोळीएवढं वाघूळ. रात्रभर खिडकी उघडी होती. पोरगा झोपलेला, चावलं की नाही त्याला सांगता येत नाही. अंगावर कुठे दिसत नाही."

बाईंनी तोंड उघडलं.

"थांबा, बेन. आधी ऐका. हात लावला नाही. चिमट्यानं धरलं. पोराला घेऊन दवाखान्यात जाऊन आलो. तो डॉक्टर म्हणत होता खूण नाही तर कशाला. मी म्हटलं, मी इथेच उभा आहे, तुमच्या वरिष्ठांना फोन लावा. पहिली सुई झाली. हे तपासायला पाठवा. आता काय ओरडायचं ते ओरडा."

  बाईंनी खुर्ची ओढली. "बसा. साबणानं हात धुवा आधी. सांगली, चहा टाक."

प्रमुखांनी हात धुतले, बसले, चहा बशीत ओतला. फुंकर घातली. अर्धी बशी झाल्यावर म्हणाले, "पण एक सांगतो, बेन. झाड तो हुं कपावीश ज. मनपात नवीन अर्ज दिलाय."

"द्या ना," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे कितीतरी महिन्यांनी लुकलुकत होते. "मीटिंग कधी ठेवताय?"

"रविवारी."

"रविवारी नको, प्रमुख. माझा घसा बसलाय. त्याच्या पुढच्या रविवारी ठेवा. मला मोठ्यानं बोलायचंय."